इंजिनाच्या तेलाचे झाकण

मोटारीचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या अगदी माथ्यावर, हात सहज पोचेल अशा जागी, एक काळे प्लास्टिकचे झाकण दिसते. मुठीत मावेल एवढे. त्यावर लांब चोचीच्या तेलदाणीचे चित्र असते, चोचीच्या टोकाला एक थेंब असतो, आणि पुष्कळ गाड्यांत ‘५डब्ल्यू-३०’ असे काहीतरी लिहिलेले असते. इंजिनात तेल घालायचे ते इथून. तेल बदलायच्या वेळी गॅरेजमधला मेकॅनिक हे झाकण उघडतो, डबा रिकामा करतो आणि झाकण फिरवून पुन्हा बसवतो. मग पुढच्या खेपेपर्यंत त्याची कोणालाच आठवण होत नाही.

हे झाकण कशासाठी असते, असे नववी-दहावीच्या वर्गात विचारून पाहा. ‘तेल उडू नये म्हणून’ आणि ‘धूळ आत जाऊ नये म्हणून’ अशी दोन उत्तरे येतील. दोन्ही बरोबर आहेत. पण एवढेच काम असते तर लोणच्याच्या बरणीचे झाकणही चालले असते. आमच्या मते या झाकणाचा संबंध तेलापेक्षा हवेशी जास्त आहे. चालू इंजिनाच्या पोटात हवा, वायू आणि वाफ यांची सतत ये-जा असते, आणि ही ये-जा ठरलेल्या वाटेनेच व्हावी म्हणून बंद ठेवलेले हे एक दार आहे. ते नीट बंद नसेल तर काय होते, आणि दाराच्या आतल्या बाजूला जे चिकटले आहे त्यावरून घरात काय चालले आहे ते कसे ओळखायचे, हे आपण पाहू. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. फोर-स्ट्रोक मोटारसायकलला आणि स्कूटरलाही असेच झाकण असते. बहुधा तेल मोजायची कांडी त्यालाच जोडलेली असते, एवढाच फरक.

पिस्टन थोडा गळणारच

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत पिस्टन, म्हणजे दट्ट्या, सिलिंडरमध्ये अगदी चपखल बसलेला दाखवतात. प्रत्यक्षात तसा तो बसवला तर इंजिन तापताच पिस्टन फुगेल आणि अडकून बसेल. म्हणून पिस्टन सिलिंडरपेक्षा किंचित लहान करतात आणि उरलेली फट बुजवायला त्याच्या भोवती धातूच्या रिंगा बसवतात. पण रिंगही तापल्यावर लांबणारच. तेव्हा तिला एका ठिकाणी काप दिलेला असतो आणि कापाच्या दोन टोकांमध्ये साधारण पाव मिलिमीटरची फट सोडलेली असते. रेल्वेच्या रुळांत सांध्याला फट का ठेवतात हे शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. मुले रूळ पाहतात, रिंग त्यांनी पाहिलेली नसते. गॅरेजमधून एखादी जुनी रिंग मागितली तर सहज मिळते.

आता पेट्रोल पेटल्यावर काय होते ते पाहा. इंजिन जोर लावत असताना पिस्टनच्या डोक्यावरचा दाब क्षणभर वातावरणाच्या दाबाच्या चाळीस-पन्नास पट होतो. एवढ्या दाबाला पाव मिलिमीटरची फट पुरेशी आहे. जळलेला वायू, थोडे न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ असे सगळे मिश्रण रिंगांना चुकवून खाली, जिथे क्रँक फिरतो त्या क्रँककेसमध्ये उतरते. अगदी नव्या इंजिनातही हे होते. रिंगा झिजल्या की ते वाढते. आपल्याकडे गॅरेजमध्ये याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, आणि ‘गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते’ हे वाक्य जुन्या गाडीच्या मालकाच्या छातीत धडकी भरवणारे असते.

क्रँककेसमध्ये आलेला हा वायू तेल परत येण्याच्या वाटांमधून वर चढतो आणि इंजिनाच्या माथ्यावरच्या कव्हरखाली जमतो. या कव्हरला आपले मेकॅनिक टॅपेट कव्हर म्हणतात. आपले झाकण याच कव्हरवर असते. म्हणजे झाकणाखाली तेलाचे टाके नसून तेलाच्या तुषारांनी आणि वायूने भरलेली पोकळी आहे. तेल खाली तळाशी असते. झाकण उघडले तरी तेल काठोकाठ दिसत नाही म्हणून ‘तेल संपले’ असे समजून वरून आणखी ओतणारे लोक आहेत. तेल किती आहे ते कांडीवर पाहायचे, झाकणातून नव्हे.

लॉस एंजेलिसचे धुके

क्रँककेसमध्ये उतरलेल्या वायूला वाट दिली नाही तर आतला दाब वाढतो आणि तेल कमजोर पॅकिंगमधून बाहेर पडू लागते. तेव्हा वाट हवीच. पूर्वी ती सरळ रस्त्यावर काढलेली असे. इंजिनाच्या बाजूने एक नळी खाली जमिनीकडे सोडत. गाडी धावू लागली की नळीच्या तोंडाशी वाऱ्यामुळे दाब कमी होई आणि आतला वायू ओढला जाई. त्याच्या जागी ताजी हवा आत यायची ती वरच्या झाकणातून. म्हणून जुन्या गाड्यांचे झाकण बंद नसे. त्यात तारेची जाळी किंवा गाळणे असे, आणि झाकण हेच इंजिनाचे नाक असे. पुढे ती नळी गेली, तरी काही गाड्यांत नाक राहिले. ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी गाडीत बराच काळ अशी व्यवस्था होती. ठरावीक मैल झाले की हवेचे गाळणे बदलतात तसे तेलाचे झाकणच बदला, अशी त्या गाडीच्या पुस्तिकेत सूचना असे. या गाडीचे इंजिन ज्या बी-सिरीज घराण्यातले, त्याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्या अँबॅसेडरने वर्षानुवर्षे वाहिले.

रस्त्यावर सोडलेल्या या वायूचा हिशेब पहिल्यांदा मांडला गेला तो अमेरिकेत. १९४३ पासून लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारे तपकिरी धुके उतरू लागले होते. कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेतले मूळचे डच असलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके बनते, आणि या मालाचा मोठा पुरवठा मोटारी करतात. गंमत अशी की धूर सोडणाऱ्या सायलेन्सरकडे सगळे बोट दाखवत असताना, गाडीतून निसटणाऱ्या हायड्रोकार्बनचा साधारण पाचवा हिस्सा क्रँककेसच्या त्या साध्या नळीतून येत होता. आणि तो थांबवणे सगळ्यांत सोपे होते. वायू रस्त्यावर सोडण्याऐवजी पुन्हा इंजिनाच्या शोषण-नळीत सोडायचा आणि जाळून टाकायचा. कॅलिफोर्नियात १९६१च्या आणि सबंध अमेरिकेत १९६३च्या मॉडेलांपासून नव्या गाड्यांत ही सोय आली. मोटारीवर बसवलेले प्रदूषण रोखण्याचे हे पहिले साधन. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वगैरे पुष्कळ नंतरचे.

आजच्या गाडीत हीच व्यवस्था आहे. हवेच्या गाळण्यातून स्वच्छ हवा एका रबरी नळीने क्रँककेसमध्ये येते आणि दुसऱ्या नळीने, एका झडपेतून, वायू आणि वाफ शोषण-नळीकडे ओढली जाते. या नळीला आपल्याकडे ब्रीदर पाइप म्हणतात. इंजिन संथ चालू असताना शोषण-नळीतला दाब वातावरणाच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो. झडप त्यातली थोडीच ओढ आत पोचू देते. त्यामुळे निरोगी इंजिनाच्या पोटातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचितच कमी असतो.

आता झाकणाची जागा ध्यानात येईल. नाक बंद केले, श्वासासाठी वेगळी नळी दिली, तेव्हा झाकण हवाबंद असणे आवश्यक झाले. ते सैल असेल, चिरलेले असेल किंवा त्याची रबरी चकती कडक झालेली असेल तर बाहेरची न गाळलेली हवा आत ओढली जाते. या हवेबरोबर येणारी धूळ म्हणजे पुष्कळशी वाळूच, आणि तेलाचा जो थर बेअरिंगला वाचवतो तो काही मायक्रॉन जाडीचा असतो. शिवाय पुष्कळशा आधुनिक गाड्यांत आत येणारी हवा मोजून त्या प्रमाणात पेट्रोल सोडतात. झाकणावाटे आलेली हवा मोजली जात नाही. मग इंजिन संथ चालताना अडखळते, आणि कधी कधी डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी महागडे सेन्सर बदलले जाण्याची ही जागा आहे.

झाकण पुरतेच निखळले तर गोष्ट आणखी वेगळी. आत फिरणारे भाग तेल उडवत असतात. ते भोकातून बाहेर येते आणि इंजिनाच्या अंगावरून ओघळते. जवळच एक्झॉस्टचा नळ असतो. तो कित्येक शे अंशांपर्यंत तापतो, आणि तेलाच्या वाफा दोनशेच्या पुढे थोड्याच अंशांवर ठिणगीने पेट घेऊ शकतात. बहुतेक वेळा जळक्या वासावर आणि धुरावर निभावते, पण बॉनेटखाली आग लागण्याच्या कारणांत हे एक कारण आहे. तेल बदलल्यानंतर झाकण बॅटरीवर ठेवून विसरले, हा प्रकार वाटतो तितका दुर्मिळ नाही.

झाकण उलटे करून पाहा

पाहायचे कसे? गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत. साडीचा पदर, ओढणी, सैल बाही आवरून घ्यावी. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो. उघडण्याआधी झाकणाच्या भोवतालची धूळ कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी, नाहीतर ज्या धुळीला अडवायचे तीच आपल्या हाताने आत पडते. आणि हे रेडिएटरचे झाकण नव्हे, याची खात्री करावी. रेडिएटरमधले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेले असते. गरम असताना ते झाकण उघडले तर हात-तोंड भाजते.

तेलाचे झाकण डावीकडे फिरवून काढले की उलटे करावे. आतली बाजू तपकिरी आणि तेलकट दिसली तर काही बिघडलेले नाही. डांबरासारखा काळा, जाड, नखाने खरवडावा लागेल असा थर असेल तर तेल वेळेवर बदललेले नाही असे समजावे. तेल तापून हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि घट्ट होत जाते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्यापेक्षा या थरावर जास्त विश्वास ठेवावा. आकडा मागे फिरवता येतो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो तिसऱ्या प्रकारात. झाकणाला आतून फिकट पिवळा, लोण्यासारखा मऊ लपका लागलेला असतो. तो पाहून ‘हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल’ असा निकाल ताबडतोब देणारे लोक असतात. हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागाचे पॅकिंग. ते फुटले की थंडावा देणारे पाणी तेलात मिसळते आणि असाच लपका तयार होतो, हे खरे आहे. पण पाणी येण्याची दुसरी, अगदी साधी वाट आहे. ती वर्गात फळ्यावर मांडता येते.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनचे मिश्रण. नमुना म्हणून ऑक्टेन घेऊ. ऑक्टेनच्या एका रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. तो पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे ९ रेणू मिळतात. रेणुभार घातले की ११४ ग्रॅम ऑक्टेनपासून १६२ ग्रॅम पाणी. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम धरले तर पाणी होते सुमारे १०५० ग्रॅम. म्हणजे लिटरभर पेट्रोल जाळले की लिटरभर पाणी तयार होते! मुलांना हे खरे वाटत नाही. थंडीच्या सकाळी नुकत्याच सुरू केलेल्या गाडीच्या सायलेन्सरमधून टपकणारे थेंब दाखवले की पटते. बहुतेक पाणी सायलेन्सरमधून वाफ होऊन जाते, पण रिंगांना चुकवून खाली उतरणाऱ्या वायूबरोबर थोडी वाफ क्रँककेसमध्येही येते. इंजिन पूर्ण तापलेले असेल तर ती वाफच राहते आणि ब्रीदर पाइपने निघून जाते. इंजिन थंड असेल तर तिला थंड जागा सापडते, आणि सगळ्यांत थंड जागा म्हणजे बाहेरच्या हवेला लागून असलेले, तेलापासून दूर असलेले आपले झाकण. पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी धरते तसेच हे.

घर ते शाळा दोन किलोमीटर, शाळा ते बाजार एक किलोमीटर अशी ज्यांची गाडी चालते त्यांचे इंजिन कधी धड तापतच नाही. महाबळेश्वरच्या थंडीत किंवा कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. अशा गाडीच्या झाकणाखाली लपका सापडला तर त्यात नवल नाही.

पण तेल आणि पाणी एकत्र राहतात कसे? खोबरेल तेलात पाणी घालून बाटली हलवली तर काही मिनिटांत दोन्ही वेगळी होतात. इंजिनाच्या नव्या तेलात थोडे पाणी घालून तशीच हलवा. ते दुधाळ होते आणि बराच वेळ तसेच राहते. इंजिनाच्या तेलात काजळी आणि मळ तरंगत ठेवण्यासाठी साबणासारखी काही द्रव्ये मिसळलेली असतात, आणि ती पाण्याच्या बारीक थेंबांनाही धरून ठेवतात. तेलात अडकलेले पाण्याचे थेंब, ही जातकुळी आपल्याला घरातून माहीत आहे. लोणी म्हणजे हेच. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असते, आणि ते कढवताना तडतडून निघून जाते तेव्हा तूप होते. झाकणावरच्या लोण्यालाही हाच उपाय. लपका फडक्याने पुसून टाकावा आणि गाडी एकदा मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटर सलग चालवावी. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे.

हेड गॅस्केट खरोखर गेले असेल तर पुरावा एकट्या झाकणावर मिळत नाही. कांडीवरचे तेलही बहुधा चहासारखे दुधाळ दिसते, कूलंटची पातळी सारखी उतरते, इंजिन तापते, तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो. यांपैकी काही दिसले तर गाडी चालवू नये, ताबडतोब दाखवावी. काहीच नसेल आणि फक्त झाकणावर लपका असेल तर इंजिन खोलण्याचा सल्ला देणाऱ्याला आधी हे सगळे पाहिले का ते विचारावे. प्रश्न हजारो रुपयांचा असतो.

चालू इंजिनावरची परीक्षा

जुनी गाडी घेताना जाणकार माणूस इंजिन संथ चालू ठेवून झाकण सैल करतो आणि भोकावर उलटे ठेवतो. ते स्थिर राहिले तर मान डोलावतो. थडथडत नाचू लागले किंवा भोकातून भकाभका धूर येऊ लागला तर पुढच्या गाडीकडे वळतो. यामागचे तत्त्व आपण वर पाहिलेच. भोकावर कागदाचा कपटा नुसता टेकवून धरला आणि तो हलकेच आत ओढला गेला तर वायू बाहेर काढण्याची व्यवस्था काम करते आहे. कपटा मात्र पोस्टकार्डाएवढा मोठा आणि जाड हवा, नाहीतर तोच आत जायचा.

या परीक्षेला दोन-तीन अपवाद आहेत आणि ते माहीत नसले तर चांगल्या इंजिनावर अन्याय होतो. डिझेल इंजिनात दाब मुळातच जास्त, त्यामुळे थोडी फुंकर स्वाभाविक. एकच सिलिंडर असलेल्या मोटारसायकलमध्ये पिस्टन खाली येताना खालची हवा दाबली जाते आणि वर जाताना ओढली जाते. १०० सीसीच्या इंजिनात प्रत्येक फेरीला सुमारे १०० घन सेंटिमीटर हवेची ही उलथापालथ होते. तिथे झाकणाशी धकधक जाणवणारच. आणि तिसरे म्हणजे ब्रीदर पाइप किंवा त्यातली झडप काजळीने तुंबली असेल तर रिंगा चांगल्या असूनही दाब वाढतो. म्हणून ‘इंजिनाचे काम निघाले’ हा निकाल मान्य करण्याआधी तो पाइप काढून, साफ करून पुन्हा पाहायला सांगावे. उलट, झाकण आतून जोराने खेचून धरल्यासारखे वाटत असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर झडपेतला पडदा फाटलेला असण्याचा संभव आहे. काही इंजिने झाकण उघडताच तेल उडवतात, तेव्हा ही परीक्षा मुलांकडून करून घेऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत मनाई असेल तर मोठ्यांनीही करू नये.

चकती

झाकणाचे आयुष्य ठरते ते त्याच्या रबरी चकतीवर. चकती जातीची असावी लागते. नैसर्गिक रबर खनिज तेल शोषून फुगते आणि लिबलिबीत होते, कारण दोन्ही हायड्रोकार्बनच आणि सारख्या स्वभावाचे रेणू एकमेकांत सहज शिरतात. १९३०च्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झाले. त्याच्या साखळीत नायट्रोजन असलेले, विद्युतभाराच्या दृष्टीने असमान असे गट आहेत. त्यामुळे तेल त्यात शिरत नाही. तेलाशी संबंध येणाऱ्या पुष्कळ चकत्या याच जातीच्या असतात. जास्त उष्णता असेल तिथे याहून महाग रबरे वापरतात. उलट ब्रेकच्या तेलासाठी जे रबर वापरतात ते नेमके खनिज तेलात फुगते. म्हणूनच ब्रेकच्या बाटलीत चुकून इंजिनाचे तेल पडले तर ब्रेकची सगळी रबरे बदलावी लागतात.

तेल शिरले नाही तरी उष्णता सोडत नाही. रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना ठिकठिकाणी बांधलेल्या असतात, म्हणून दाब काढला की ते मूळ आकाराला येते. दाबलेल्या अवस्थेत ते महिनोन्‌महिने तापत राहिले तर जुने बंध तुटतात आणि दाबलेल्या आकारातच नवे बंध जुळतात. मग चकती चपटीच राहते. दहा अंश तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, या ढोबळ नियमाने ३० अंशांऐवजी ९० अंशांवर हे चौसष्ट पट वेगाने होईल. चकती तपासताना ती चिरली आहे का एवढेच पाहून भागत नाही. बोटांत धरून वाकवावी, नख दाबून सोडावे. खूण लगेच बुजली पाहिजे. एक बाजू आरशासारखी चकचकीत आणि चपटी झाली असेल, झाकणाच्या भोवती ओलसर तेलावर धूळ बसून काळे कडे तयार झाले असेल, तर चकतीचे दिवस भरले.

पुष्कळदा नुसती चकती मिळते; मिळत नसेल तर अख्खे झाकण घ्यावे. नवी चकती बसवण्याआधी तिची खाच आणि भोकाची कड कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी. पेट्रोलने धुऊ नये, रबर बिघडते. चकतीला नव्या तेलाचे बोट लावावे, म्हणजे फिरवताना ती पिळवटत नाही. सीलंट, टेफ्लॉन टेप असले काही लावू नये. त्याचे तुकडे सुटून आत तेलाच्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. झाकण हातानेच, थांबा लागेपर्यंत आवळायचे. पक्कड लावली की प्लास्टिकला चीर जाते, आणि ती चीर थंड इंजिनावर दिसतही नाही.

दुसऱ्या मॉडेलचे झाकण ‘बसते आहे ना, मग चालेल’ म्हणून लावणे टाळावे. आटे जुळले तरी खोली जुळेलच असे नाही, मग चकती दाबलीच जात नाही. शिवाय त्यावर दुसऱ्याच तेलाचा आकडा लिहिलेला असतो आणि पुढचा मेकॅनिक तो वाचून तेल ओततो. हिवाळी थंडीत तेल किती पातळ राहते ते डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो आणि तापल्यावर किती दाट राहते ते नंतरचा; दोन्ही आपल्या इंजिनाचे असावेत. जुन्या, नाक असलेल्या गाडीला हवाबंद झाकण लावले तर श्वास कोंडतो. नव्या गाडीला जाळीचे लावले तर धूळ आत जाते. आणि रस्त्यात झाकण हरवले तर भोकात चिंधी कोंबून गाडी हाकू नये. चिंधी आत ओढली जाते किंवा तेल पिऊन बाहेर लोंबते, आणि खाली एक्झॉस्ट असतो. इंजिन बंद करून झाकण मागवणे हेच स्वस्त पडते. बसवून झाल्यावर पाच मिनिटे इंजिन चालवून कडेने बोट फिरवावे, आणि आठवड्याने पुन्हा एकदा पाहावे.

काढलेली जुनी चकती फेकू नका, वर्गात न्या. ११ फेब्रुवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या अपघाताच्या चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी अशाच रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि चिमटा काढल्यावर तो लगेच मूळ आकाराला येत नाही हे सर्वांसमोर दाखवले. तिथे दोष थंडीचा होता, इथे वर्षानुवर्षांच्या उष्णतेचा. जुनी आणि नवी अशा दोन चकत्या प्रयोगशाळेतल्या सारख्याच क्लॅम्पमध्ये रात्रभर दाबून ठेवा. सकाळी सोडवून स्क्रू गेजने दोन्हींची जाडी मोजा: लगेच, दहा मिनिटांनी, तासाने, मधल्या सुट्टीनंतर. गेज हलकेच टेकवायचा, नाहीतर आपणच चकती दाबतो. मग आलेख काढा. नव्या चकतीची रेघ आधी झपाट्याने आणि मग सावकाश वर चढेल. जुनीची बहुधा आडवीच राहील.